आधी आभार, मग चित्रं

आभारप्रदर्शनाची वेळ आली की मराठी प्रेक्षक काय करतात, ठाऊक आहे ना? चपला शोधतात. व्यासपीठावर एक बिचारा माणूस चिठ्ठी उघडतो, 'आता मी आपला फार वेळ घेणार नाही' म्हणतो आणि अर्धा हॉल बटाटेवड्याच्या दिशेनं निघालेला असतो. उरलेल्या अर्ध्या हॉलला ऐकू येतं ते अध्यक्षांचं नाव, प्रमुख पाहुण्यांचं नाव, नगरसेवकांचं नाव, देणगीदारांची नावं. आणि शेवटी तो रामबाण शब्द. 'ज्ञात-अज्ञात'. ज्या ज्ञात-अज्ञात हातांनी या कार्याला साहाय्य केलं, त्या सर्वांचे आभार. टाळ्या. राष्ट्रगीत. वडा.

माझं या शब्दाशी जुनं वाकडं आहे. अज्ञात कसे काय हो? ज्यानं माईक लावला तो तिथेच कोपऱ्यात उभा आहे. विचारा की त्याला नाव!

हा विषय आत्ताच डोक्यात यायचं कारण म्हणजे मागच्या महिन्यात आम्ही जोगेश्वरी पूर्वेला एका सोसायटीच्या हॉलमध्ये तीन दिवसांचं चित्रप्रदर्शन भरवलं. यजमान मी. म्हणजे धावपळ, फोन, हिशेबाची वही आणि शिव्या खाणं, हे सगळं माझ्या वाट्याला. चित्रं अकरा जणांची, सगळे जोगेश्वरीत राहणारे. त्यात एक बेस्टचे कंडक्टर, एक अॅनिमेशन करणारा मुलगा, दोन गृहिणी, जेजेत शिकणारी एक मुलगी आणि एक पेंटरकाका. काकांविषयी पुढे बरंच सांगायचंय.

ऑफिसात, ट्रेनमध्ये, व्हॉट्सअॅपवर, जिथे जिथे आमंत्रण दिलं तिथे पहिला प्रश्न एकच. 'जोगेश्वरीत? आर्ट?' हे दोन शब्द लोक असे उच्चारतात, जणू त्यांची पत्रिकाच जुळत नाही. जोगेश्वरी म्हणजे स्लो लोकल, लिंक रोडचा ट्रॅफिक आणि पश्चिमेला ओशिवऱ्याचं फर्निचर मार्केट. आर्ट म्हणजे काळा घोडा. तिथे १९५२ साली सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९९९ पासूनचा काळा घोडा फेस्टिव्हल आहे. जहांगीरमध्ये चित्रं लावायची तर अर्ज करून काही वर्षं वाट बघायची, हे जेजेतल्या कुठल्याही मुलाला विचारा. आपल्या उपनगरातल्या माणसानं चित्रं बघायची म्हणजे रविवारी डबा बांधून चर्चगेटला जायचं आणि दुपारी चारला पाय दुखतात म्हणून परत यायचं. गंमत सोडा, पण अकरापैकी चार जणांनी जहांगीरची पायरी कधी चढलेली नव्हती. कंडक्टरसाहेब तर त्याच भागातून ड्युटी करून आलेले. 'बाहेरून रोज बघायचो. आत तिकीट असेल असं वाटायचं,' म्हणाले. तिकीट नसतं. पण ते सांगणारा बोर्ड मोठ्या अक्षरात कधी लागणार?

चित्रं रस्त्यावर आणायचे प्रयत्न या शहरानं केलेले आहेत. २००९ साली तुळशी पाइप रोडची लांबच लांब भिंत लोकांनी हातात ब्रश घेऊन रंगवली. २०१७ च्या अखेरीस घाटकोपरजवळची असल्फाची टेकडी स्वयंसेवकांनी रंगवली, मेट्रोतून जाणाऱ्यांनी तिचे फोटो काढले. मला स्वतःला सगळ्यात भावला तो २०१५ चा धारावी बिनाले. 'स्नेहा' या संस्थेच्या नायरीन दारूवाला आणि डेव्हिड ऑसरिन यांनी तो उभा केला. १५ फेब्रुवारी ते ७ मार्च, तीन आठवडे. तिथे कलाकार होते धारावीचे रहिवासीच. आरोग्यासारख्या रोजच्या प्रश्नांवर त्यांनी कलाकारांबरोबर काम करून वस्तू घडवल्या आणि धारावीतच मांडल्या. टेकडी रंगवली की ती लांबून छान दिसते, त्यात वाईट काही नाही. पण जवळ जाऊन 'हे कुणी केलं?' असं विचारल्यावर शेजारच्या दारातून 'मी' असं उत्तर येणं, यात मजा वेगळी आहे. आम्हाला हवी होती ती ही मजा.

आता पेंटरकाका.

काकांनी जोगेश्वरी, गोरेगाव, अंधेरीतले दुकानांचे बोर्ड रंगवण्यात तीस वर्षं घालवली. पत्रा घासायचा, प्रायमर मारायचा, खडूत बुडवलेल्या दोऱ्यानं सूत मारायचं आणि मग एनॅमलमध्ये अक्षरं. अक्षराला एका बाजूनं शॅडो. कुणी फोटो देऊन 'हे असंच्या असं भिंतीवर काढा' म्हटलं, तर फोटोवर बारीक चौकटी, भिंतीवर मोठ्या चौकटी, आणि एकेक चौकट उचलत जायचं. मग फ्लेक्स आला. संगणकावर दहा मिनिटांत डिझाइन, संध्याकाळी प्रिंट हातात. काकांचं दुकान बंद झालं, ते एका शाळेत रंगकामाच्या कॉन्ट्रॅक्टवर लागले. बाकं रंगवायची, दारं रंगवायची.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी मला दारातच थांबवलं. 'ताई, तुमचं काहीतरी गफलत होतेय. मी पेंटर आहे. चित्रकार नाही.'

या एका वाक्यावर मी आठवडाभर विचार करत होते. बघा ना, मराठीत आपण किती काटेकोर आहोत. आर्ट स्कूलमधून आला तो चित्रकार. गॅलरीत इंग्रजीत बोलतो तो आर्टिस्ट. शिडीवर चढतो तो पेंटर. पण याच मराठीत कोल्हापूरच्या बाबुराव मेस्त्रींनी आणि त्यांच्या आतेमामे-चुलत गोतावळ्यातल्या आनंदरावांनी नाटकांचे पडदे रंगवता रंगवता 'पेंटर' हेच आडनाव करून टाकलं होतं की! बाबुराव पेंटरांनी पुढे १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट केला आणि सिनेमाची पोस्टरंही स्वतः रंगवली. आणि ज्यांच्या चित्रांना पुढे कोटींचे भाव आले ते एम. एफ. हुसेन याच मुंबईत १९३०च्या दशकात सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत होते. हे सगळं मी काकांना सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, 'हुसेन ठीक आहे. पण माझ्याकडे लावायला आहे काय?'

प्रश्न बरोबर होता. बोर्ड रंगवणाऱ्याकडे स्वतःचं काम राहतच नाही. ते दुकानदाराचं होतं, मग दुसरा दुकानदार त्यावर रंग मारतो, मग पत्रा भंगारात जातो. चित्रकाराकडे निदान न विकलेली चित्रं तरी उरतात!

इथे पहिले आभार. जेजेतल्या मुलीनं एक साधी गोष्ट हेरली. बरेच दुकानदार जुना बोर्ड काढतच नाहीत, त्याच्यावरच फ्लेक्सची फ्रेम ठोकतात. काढायची मजुरी कोण देणार? तिनं आणि अॅनिमेशनवाल्या मुलानं दोन शनिवार फिरून दुकानदारांना विचारलं, 'तुमच्या फ्लेक्सच्या मागे काय आहे?' अर्ध्यांनी हाकललं. एकानं तर महापालिकेची माणसं समजून शटर ओढलं. पण एका टेलरच्या दुकानात, एका केशकर्तनालयात आणि एका ग्रिलवाल्याकडे फ्रेमच्या मागे काकांचे पत्रे जिवंत सापडले. धूळ, कोळिष्टकं, कबुतराची पिसं, आणि त्याखाली लाल-पिवळी अक्षरं, अजून तकतकीत. फ्लेक्सनं त्यांना उन्हापासून वाचवलं होतं, हा विनोद काकांनीच केला. तिघांनी तीन दिवसांसाठी पत्रे दिले. केशकर्तनालयाच्या मालकांनी तर आमच्याकडून पावती लिहून घेतली: 'एक बोर्ड, जुना, परत करण्याच्या बोलीवर.' आजवर मला मिळालेली सगळ्यात सुंदर कलाविषयक पावती.

हॉल मिळाला तो सेक्रेटरीकाकांच्या कृपेनं आणि त्यांच्या अटींवर. भिंतीला एकही खिळा ठोकायचा नाही. रात्री दहाला कुलूप. कॅरमचे बोर्ड सोसायटीची मुलं संध्याकाळी सात ते आठ वापरणार, प्रदर्शन असो वा नसो. आणि चपला बाहेर, कारण हॉलमध्ये गणपतीची तसबीर आहे. चपलांच्या अटीवर मी जाम वैतागले होते. पण काय झालं माहितीये? अनवाणी आलेला माणूस हळू चालतो. घाई करत नाही. भिंतीजवळ जाऊन उभा राहतो. आजीबाई तर चित्रांसमोर हात जोडून पुढे सरकत होत्या. गॅलरीवाल्यांनी हा फंडा एकदा करून बघायला हरकत नाही.

खिळे नाहीत म्हटल्यावर चित्रं लावायची कशी? हे मला ज्यांनी शिकवलं ते मंडप डेकोरेटरचे दादा. आडव्या वाशांची चौकट, तिला पांढरा पडदा, वाशावरून नायलॉनची दोरी आणि खाली हुक. 'लग्नात मागे झालर लावतो ना, तसंच. फक्त झालर नको.' चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर यावा, म्हणजे नजरेच्या उंचीला, असं मी कुठेतरी वाचलं होतं. दादांनी टेप लावलीच नाही. त्यांच्याकडच्या एका पोऱ्याला उभं केलं आणि म्हणाले, 'याच्या डोळ्याला आलं की झालं.' नंतर मी गुपचूप मोजलं. पाच फूट एक इंच.

वायरमनभाऊंनी लाइट लावले ते रात्री साडेअकराला, स्वतःची ड्युटी संपल्यावर. हो, कुलूप दहाचं होतं. ते उघडून देणारे वॉचमनकाका वेगळे. हॅलोजन जवळ लावला तर चित्राचा रंग तापतो, लांब लावला तर काचेवर बल्बच दिसतो, हे त्या माणसाला बघून कळलं. पुस्तकात वाचून नाही. एकेका काचेसमोर उभं राहून तो स्वतःचं प्रतिबिंब जाईपर्यंत लाइट वाकवत होता.

आणि मग आली स्पॉन्सरची भानगड. एका कंपनीकडून (नाव नको) निरोप आला. लाइट, खाणंपिणं आणि छपाई, सगळा खर्च त्यांचा. बदल्यात प्रवेशद्वारावर त्यांचा वीस फुटी फ्लेक्स, निमंत्रणपत्रिकेत त्यांचं नाव पहिलं आणि उद्घाटन त्यांच्या साहेबांच्या हस्ते. ऑफर वाईट नव्हती हो. आमच्या खिशात काही नव्हतं. पण वीस फुटी फ्लेक्स, आणि त्याच्या खालून आत गेल्यावर काकांचे तीन पत्रे! बैठकीत कुणीच बोलेना. शेवटी काकाच म्हणाले, 'घ्या की पैसे. फ्लेक्सला माझं जे करायचं होतं ते त्यानं करून झालंय.'

त्यानंतर तर कुणालाच ते पैसे घेणं शक्य नव्हतं. वर्गणी काढली. कंडक्टरसाहेबांनी खजिनदारी घेतली, सुट्ट्या पैशांचा हिशेब त्यांच्याइतका चोख कोण ठेवणार? काकांनी सांगितलं, माझी वर्गणी रंगाच्या डब्यात. आभाराचा बोर्ड मी लिहितो.

हा बोर्ड म्हणजे या लेखाचं खरं कारण.

मध्येच जरा कार्ल्याला जाऊन येऊ. लोणावळ्याला जाताना आपण मिसळीसाठी थांबतो, लेणी चढून बघायचा कंटाळा करतो. कार्ल्याचं चैत्यगृह साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं. तिथल्या एका शिलालेखात वैजयंतीच्या भूतपाल शेठजींचं नाव आहे. हे दगडी घर जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, असा दावा आहे. स्पॉन्सर आहेत ते, कॉपी जोरदारच असणार! पण त्याच लेण्याच्या दाराजवळ दुसरा एक छोटा लेख आहे. धेनुकाकट गावचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, यानं हे दार केलं. बस. बापाच्या नावासकट. सुतारासाठी त्यात शब्द आहे 'वढकी'. विदर्भात सुताराला अजून वाढई म्हणतात, आणि आम्हाला बोर्डासाठी प्लाय देणारे, ओशिवऱ्याच्या मार्केटात काम करणारे, मूळचे उत्तर प्रदेशचे भाईसाहेब स्वतःला बढई म्हणवतात. दोन हजार वर्षं शब्दाला फारसा ओरखडा नाही.

आपल्या बोरिवलीच्या कान्हेरीतही असंच. मोठ्या चैत्याच्या शिलालेखात पैसे देणारे दोघे व्यापारी भाऊ आहेत, कामावर देखरेख करणारे भिक्खू आहेत, आणि दगड घडवणाऱ्यांपासून घासून गुळगुळीत करणाऱ्यापर्यंत कामगारांचाही उल्लेख आहे. म्हणजे आभाराची यादी कशी करावी याचं उत्तम उदाहरण आपल्याकडे लोकलच्या अंतरावर आहे.

आणि जोगेश्वरी? ज्या देवीवरून या उपनगराला नाव मिळालं तिची गुंफा आमच्या हॉलपासून चालत दहा मिनिटांवर. सहाव्या शतकातली. वॉल्टर स्पिंक या अभ्यासकानं तिला भारतातलं सगळ्यात आधीचं मोठं हिंदू लेणं म्हटलंय. पायऱ्या उतरून जमिनीखाली जायचं, डोक्यावर वस्ती, आत गारवा. रोज दिवा लागतो, भाविक येतात. रविवारी सकाळी प्रदर्शनाला आलेल्या वीसेक जणांना कंडक्टरसाहेब तिथे घेऊन गेले. त्यातले निम्मे जन्मापासून जोगेश्वरीत राहणारे आणि गुंफेत पहिल्यांदाच! एका मुलीनं विचारलं, 'कुणी खोदली ही?' त्यांची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत. एवढा डोंगर पोखरला, किती पिढ्यांचे हात लागले असतील, आणि आपल्याकडे एकही नाव नाही. हेच ते खरे अज्ञात. तो शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवावा. माईकवाल्यासाठी खर्च करू नये.

तर बोर्ड. सहा बाय चारचा प्लाय बढईभाईंनी उरल्यासुरल्या मालातून दिला, कडांना रंधा मारून, लांबी भरून, गुळगुळीत करून. काकांनी तीन रात्री बसून लिहिला. पहिल्या रात्री वाद झाला तो क्रमावरून. पहिलं नाव कुणाचं? कुणी म्हणे वयानं ज्येष्ठ. कुणी म्हणे अकारविल्हे, म्हणजे भांडण नको. सेक्रेटरीकाकांनी घसा खाकरून दाखवला. काकांचं उत्तर असं की काम ज्या क्रमानं झालं त्या क्रमानं नावं. आधी कुलूप उघडलं, म्हणून पहिलं नाव वॉचमनकाकांचं. मग हॉल झाडणाऱ्या मावशी. मग मंडपाचे दादा आणि त्यांचा तो पाच फुटी डोळ्यांचा पोऱ्या. मग वायरमन, बढई, तिन्ही दुकानदार, तीन दिवस चहा पुरवणारे टपरीवाले. मग चित्रवाले. सेक्रेटरी मध्ये कुठेतरी, जिथे त्यांनी परवानगीवर सही केली तिथे. मी सगळ्यात शेवटी, कारण हिशेब शेवटी होतो. प्रत्येक नावासमोर काय काम केलं तेही. 'सहकार्य' हा शब्द काकांनी एकदाही वापरला नाही. 'चावी', 'झाडलोट', 'वासे', 'लाइट', 'चहा'.

खाली दोन ओळी त्यांनी कोऱ्या सोडल्या. 'कुणी राहतंच,' म्हणाले. आणि खरंच! शुक्रवारी संध्याकाळी ऐन गर्दीत हॉलचा फ्यूज उडाला तेव्हा तळमजल्यावरच्या काकूंनी आपल्या घरातून खिडकीतून वायर सोडली आणि तासभर स्वतःचा टीव्ही बंद ठेवला. सिरियलच्या वेळेत! पहिली ओळ त्यांना. दुसरी ओळ टेम्पो आत यावा म्हणून सात स्कूटर एकट्यानं उचलून बाजूला ठेवणाऱ्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या मुलाला.

बोर्ड पूर्ण झाल्यावर बढईभाईंनी विचारलं, आणि तुमचं नाव? चित्रवाल्यांच्या यादीत काका होते, पण बोर्ड लिहिणारा म्हणून नव्हते. काकांनी मग उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, जुन्या दुकानाचं नाव टाकलं आणि त्याच्याखाली फोन नंबर. सात आकडी! मुंबईचे नंबर आठ आकडी झाल्यालाही वीसेक वर्षं होऊन गेली. मी म्हटलं, काका, हा लागणार नाही. 'लागू नये. पण त्याच्याशिवाय बोर्ड पुरा दिसत नाही.'

उद्घाटन आम्ही कुणाच्याच हस्ते केलं नाही. आभार मात्र सुरुवातीलाच मानले. कुणाची चप्पल पायात नव्हती, त्यामुळे पळायची सोयही नव्हती. एकेक नाव मोठ्यानं वाचलं, त्या त्या माणसानं हात वर करायचा. वॉचमनकाका पहिलं नाव ऐकून मागे वळून बघत होते, आपल्या मागे कोण उभं आहे म्हणून. हॉल झाडणाऱ्या मावशींनी हात वर केला नाही, पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. पण संध्याकाळी सुनेला घेऊन आल्या आणि बोर्डासमोर तिला उभं केलं. सुनेनं फोटो काढला. मावशींचा नव्हे, नावाचा.

काकांच्या पत्र्यांसमोर शनिवारी एक बाई बराच वेळ थांबल्या होत्या. ऑफिसची बॅग खांद्याला, पस्तिशीच्या असतील. मला म्हणाल्या, 'हा क बघा. असाच क आमच्या गिरणीच्या बोर्डावर होता. पिठाच्या. दळण आणायला जायचे तेव्हा नंबर येईपर्यंत तो वाचत बसायचे. मी त्याच्यावरून क गिरवलाय.' काका चार फुटांवर खुर्चीत बसले होते. मी बाईंना त्यांच्याकडे नेलं. मग दोघांनी मिळून ती गिरणी नक्की कुठे होती यावर वीस मिनिटं वाद घातला. बाई म्हणे मेघवाडीत, काका म्हणे छे, त्याच्या अलीकडे. क विषयी एक अक्षर नाही. मी वाट बघत होते, पत्रकार ना, काहीतरी छान वाक्य मिळेल. मिळालं नाही. जाताना बाईंनी विचारलं, घराच्या दारावरची पाटी कराल का? काका म्हणाले, प्लास्टिकची हवी असेल तर नाही.

विक्री म्हणाल तर सात चित्रं गेली. कंडक्टरसाहेबांची पेन्सिल स्केचेस सगळ्यात आधी. खिडकीला डोकं टेकून झोपलेले प्रवासी, ड्युटी संपवून घरी आल्यावर आठवणीतून काढलेले. अॅनिमेशनवाल्या मुलाचं एकही गेलं नाही आणि तो दोन दिवस तोंड पाडून होता. तिसऱ्या दिवशी कॅरम खेळणाऱ्या पोरांनी त्याला घेराव घातला, 'दादा, हे हलतं पण का?' तेव्हा कळी खुलली. काकांचे पत्रे विकायचे नव्हतेच. केशकर्तनालयाच्या मालकांनी मात्र रविवारी रात्री पावती दाखवून बोर्ड ताब्यात घेतला आणि सोमवारी आपला फ्लेक्स उतरवून तोच परत वर लावला. फ्लेक्स कुठे गेला? पावसाळ्यात स्कूटर झाकायला.

आता तुम्ही विचाराल, एवढं नावांचं पुराण लावलंस आणि इथे एकाचंही नाव नाही? नाही. कारण मी प्रत्येकाला विचारलं. बोर्डावर नाव सगळ्यांना हवं होतं, पेपरात सगळ्यांना नको होतं. वायरमनभाऊ जिथे नोकरी करतात तिथे बाहेरचं काम केलेलं चालत नाही. मावशी म्हणाल्या, 'पेपरात नको गं बाई, चार घरची कामं आहेत, पगार वाढलाय वाटतं म्हणतील.' काका म्हणाले, छापलेल्या अक्षरात माझं नाव बरं दिसत नाही. एकाचं छापून दुसऱ्याचं गाळायचं, तर परत तेच झालं. म्हणून इथे कुणाचंच नाही. बोर्ड सोसायटीच्या जिन्याखाली, मीटरबॉक्सच्या शेजारी लावलाय. मेट्रोच्या जोगेश्वरी पूर्व स्टेशनवरून किंवा लोकलनं उतरून या, वॉचमनकाकांना सांगा बोर्ड बघायचाय. ते पहिलं नाव स्वतः वाचून दाखवतात.

हिशेब लागलाय, वर्गणीतले तीनशे चाळीस रुपये उरलेत. त्यावर पुढच्या वर्षीची तारीख ठरवायची की सगळ्यांनी मिळून मिसळ खायची यावर अकरा जणांची अकरा मतं आहेत. टेलरकाकांचा पत्रा परत पोचवायचाय, या शनिवारी. आणि मंडपाच्या दादांनी पन्नास खुर्च्या मोजून दिल्या होत्या, एकोणपन्नास मोजून नेल्या. लाल रंगाची, मागे दादांच्या डेकोरेटर्सचं नाव रंगवलेलं. बोर्डावर 'खुर्च्या' म्हणून त्यांचं नाव आहे, तेव्हा ज्यांच्या घरी ती गेली असेल त्यांनी कृपया रात्री दहाच्या आत वॉचमनकाकांकडे आणून द्यावी.